अडतीस उघडी दुकानं

१२ फेब्रुवारी

दादा,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ऑफिसात मला ओरडून बोलायला जागा नाही, म्हणून लिहितेय. बाटल्यांच्या यंत्रांनी तुझे कान नेले ते आज पहिल्यांदा माझ्या पथ्यावर पडलंय. ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

आमच्या नियोजन खात्याकडे एक काम आलंय. बसगाड्या दुरुस्त करायची मोठी कार्यशाळा काढायची आहे. दोनशे दहा माणसांना कायमचं काम. त्यासाठी तीन गावं निवडलीत, तिन्ही ठिकाणचा मोठा कारखाना बंद पडलेला. कार्यशाळा एकालाच मिळेल. त्या तिघांत आपलं गाव आहे, आणि त्याची फाइल माझ्या टेबलावर आली आहे.

हे माझं माहेर आहे असं मी वर सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फाइल पलीकडच्या टेबलावर गेली असती, आणि तो माणूस कसा आहे ते मला माहीत आहे. चौकशीचे कागद तो जेवणाच्या सुट्टीत भरतो.

मी स्वतः येणार नाही, कुणीतरी ओळखेल. माझा सहकारी तीन आणि चार मार्चला पाहणीला येईल. बाजाराच्या रस्त्यावरची उघडी दुकानं मोजेल, चाळीस घरांत जाईल, कोण काय करतं ते विचारेल. गुण कशाला किती ते मी तुला सांगणार नाही. ते सांगणं म्हणजे पेपर फोडणं. तू फक्त लोकांना तारीख सांग. नाहीतर तो येईल आणि अर्ध्या दारांना कुलूप असेल.

माझं नाव कुणापाशी काढू नकोस. वहिनीला सांगितलंस तर चालेल, तिच्या पोटात राहतं.

धाकटी


२० फेब्रुवारी

धाकटे,

पत्र मिळालं. वहिनीला दिलं. तिने दोनदा वाचलं आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलं.

पाहणी म्हणजे काय ते आम्हाला कुणी शिकवायला नको. एकतीस वर्षं मी तपासणीच्या टेबलावर काढली. समोर पांढरा दिवा, त्याच्यापुढून सरकणारा पट्टा, मिनिटाला साठ बाटल्या. बुडबुडा, भेग, खडा, वाकडी मान. एक नजर, आणि खराब बाटली बाजूला. तू निर्धास्त राहा.

तुझ्या भाचीचं सांगतो. फिटरचा कोर्स पुरा झाला, वर्गात पहिली आली. हातात सतत पाना असतो, म्हणून गल्लीत तिला आता पानाबाई म्हणतात. शेजाऱ्यांचा पंप तीच बघते, दवाखान्याचा जनरेटर तीच बघते, आणि परवा मास्तरांच्या सायकलला हात लावला तर मास्तर म्हणाले, मुली, मी तुला नापास केलं होतं ते परत घेतो. लांबच्या बंदरातल्या गोदीतून तिला बोलावणं आलंय. एक जुलैला हजर व्हायचं. तीन वर्षांचा करार, मधे सोडता येत नाही. जायचं ठरलंच होतं. कार्यशाळेचं कळल्यावर म्हणाली, “बाबा, इथे गाड्या येणार असतील तर मी बोटी कशाला दुरुस्त करू? जुलैपर्यंत थांबते.” मी म्हटलं, थांब.

आम्ही बरे आहोत. माझं बाजार समितीच्या वजनकाट्यावरचं काम चालू आहे. वहिनीची पाठ मधूनमधून दुखते, विशेष काही नाही.

दादा


१५ मार्च

दादा,

सहकारी परत आला. जाताना नवे बूट घालून गेला होता, ते न मळता परत आले. म्हणाला, “बाई, मला वाटलं होतं ओसाड गाव असेल. तिथे तर चहा पिऊन पिऊन माझं पोट बिघडलं. ज्या दुकानात जावं तिथे चहा.” बाजाराच्या रस्त्यावर अडतीस दुकानं उघडी. चपलांचं दुकान, भांड्यांचं, फोटो स्टुडिओ. गिऱ्हाईक चांगलं. चाळीस घरांपैकी छत्तीस घरांत कामावर जाणारं माणूस.

चार वर्षं मी आले नाही. दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणते. इथे बसून तुमचं एक चित्र मनात केलं होतं, खाली ओढलेली शटरं, रिकामे रस्ते, आणि ते चित्र आठवलं की मी लगेच दुसऱ्या कामाला लागायचे. आता वाटतं, उगाच तुम्हाला बुडालेले समजत होते. फार हलकं वाटलं, दादा. सही केली आणि अहवाल वर पाठवून दिला.

फोटोवाला मी मागच्या वेळी आले तेव्हाच गाव सोडून गेला होता ना? कुणी नवीन आलंय का?

धाकटी


२४ मार्च

धाकटे,

फोटोवाल्याचं विचारलंस. दुकान उघडं होतं, एवढं खरं.

यादी कधी लागते ते कळव. इथे लोक मला रस्त्यात थांबवतात. मी म्हणतो, मला काय माहीत. तोंडावरून कळत असावं, कारण हसून पुढे जातात. किराणावाला तर परवा म्हणाला, कार्यशाळेच्या गेटासमोर चहाची टपरी मीच टाकणार, तुम्ही मधे येऊ नका.

दादा


६ मे

दादा,

यादी लागली. आपण तिसरे. तिघांत तिसरे.

गुण कशाला होते ते आता सांगायला हरकत नाही. गरजेला होते. जिथे दुकानं बंद, हात रिकामे, पोरं निघून चाललेली, त्या गावाला गुण जास्त. आपल्या नावापुढे लिहिलंय, “गरज कमी. बाजार सुस्थितीत.” खाली माझी सही.

मी खरं तर मार्चमध्येच जे करायला हवं होतं ते काल केलं. बाजाराच्या रस्त्याचे विजेचे आकडे मागवले. बारा मीटर फिरतात. बाकीचे कधीचे कापलेत. सव्वीस दुकानं दिव्याशिवाय धंदा करतात का?

यादी आठ जुलैच्या बैठकीत पक्की होईल. तोपर्यंत हरकत घेता येते. पण काय खोटं आहे ते मला माहीत असल्याशिवाय मी कशावर हरकत घेऊ? मला उलटसुलट शंका येतात. कधी वाटतं माझ्या माणसाने घरी बसून कागद भरले. कधी वाटतं भलत्याच गावात गेला. तिसरी शंका येते ती मी पुरी करत नाही.

तीन तारखेला गावात काय झालं?

धाकटी


११ मे

आत्या,

बाबांना हे पत्र माहीत नाही. तुझं पत्र वाचून त्यांनी घडी घातली आणि शर्टच्या खिशात ठेवली. आज सकाळी कारखान्याच्या भिंतीपर्यंत चालत गेले आणि परत आले. नंतर पुन्हा गेले. म्हणून मीच लिहिते.

तुझा माणूस गावातच आला होता. खोटं त्याने केलं नाही, आम्ही केलं.

एक मार्चला शाळेत सगळे जमले. बाबांनी फळ्यावर बाजाराचा रस्ता काढला. बारा दुकानं खरी उघडी. उरलेल्या सव्वीसांच्या किल्ल्या गोळा केल्या, दोन दिवस झाडलोट केली. किराणावाल्याने रिकामे डबे दिले. पुढच्या रांगेत भरलेले, मागच्या पाच रांगा नुसते डबे. चपलांच्या दुकानात मी बसले. विकायला ठेवलेल्या चपला आमच्याच पायातल्या होत्या, गल्लीतल्या निम्म्या बायका दोन दिवस अनवाणी. फोटो स्टुडिओत घड्याळजींना बसवलं. तर तुझा माणूस म्हणतो, एक पासपोर्टचा फोटो काढून द्या. घड्याळजी म्हणाले, “कॅमेरा दुरुस्तीला गेलाय.” तो म्हणाला, “कुठे?” घड्याळजी म्हणाले, “माझ्याकडेच.”

गिऱ्हाईक म्हणून वीस बायका पिशव्या बदलून फिरत होत्या. तिसऱ्या दुकानात त्याने एकीला विचारलं, “ताई, तुम्ही मघाशी भांड्यांच्या दुकानात होतात ना?” ती म्हणाली, “मग? सगळीकडे भाव बघितल्याशिवाय मी घेत नाही.” ते त्याने लिहून घेतलं.

गाव सोडून गेलेल्यांच्या घरांत शेजारी जाऊन बसले. कोपऱ्यावरचे काका एका घरात मालक झाले होते. पाणी आणतो म्हणून उठले आणि न्हाणीघरात शिरले.

मला तेव्हा मजा वाटली, आत्या, खोटं कशाला सांगू. कारखाना बंद झाल्यापासून सहा वर्षांत गावाने एकत्र काही केलं नव्हतं. त्या दोन दिवसांत सगळे हसत होते. संध्याकाळी शटरं खाली ओढायची वेळ आली तेव्हा कुणी आधी ओढेना.

आता दुसरं. वजनकाटा दोन वर्षांपूर्वीच बंद झालाय. बाबांना काम नाही, पण आईसमोर ते अजून रोज डबा घेऊन काट्यावर जातात. आई पलीकडच्या गावच्या इस्पितळात चादरी धुते, पाठ त्यानेच दुखते. हे तुला कळवायचं नाही असं बाबांनी मला बजावलं होतं. तूही कधी खोदून विचारलं नाहीस.

जुलैची पहिली तारीख मी भिंतीवर लिहून ठेवली आहे. काय ते लवकर कर.

तुझी भाची


१४ मे

धाकटे,

पोरीने लिहिलं ते तिनेच सांगितलं. बरं केलं. मला सुरुवात सापडत नव्हती.

तू विचारलंस काय झालं. ते सगळं मी केलं. लोकांनी मी सांगितलं तसं केलं. का केलं ते लिहितो, एकदाच.

कंपनीचे तीन कारखाने होते, आठवतं? सहा वर्षांपूर्वी वरून ठरलं, एक बंद करायचा. तिन्हीकडे पाहणी लागली. पाहणीच्या आदल्या दिवशी काय करतात ते प्रत्येक तपासनिसाला माहीत असतं. गोदामातला निवडक माल परत पट्ट्यावर ठेवायचा, खराब माल मागच्या शेडमध्ये न्यायचा आणि वर ताडपत्री टाकायची. मालकांना माहीत, इंजिनियरला माहीत. दरवर्षी करायचो. त्या वर्षी मी केलं नाही. भट्टी जुनी झाली होती, काचेत बुडबुडे येत होते. मला वाटलं, साहेबांना दिसू दे, म्हणजे भट्टी दुरुस्त करतील. शंभरात एकोणीस बाटल्या खराब निघाल्या. साहेबाने माझ्याशी हात मिळवला. म्हणाला, तुम्ही प्रामाणिक आहात. चार महिन्यांनी भट्टी विझवली. विझवली की आतली काच दगड होते, पुन्हा पेटवता येत नाही. बाकीचे दोन कारखाने अजून चालू आहेत.

त्या दिवशी मी ताडपत्री टाकली असती तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. गावाने मला कधी बोल लावला नाही. मीच लावतो.

मग तुझं पत्र आलं. तीन गावं, एकाला काम, पाहणी. मला दुसरं काही सुचलंच नाही. तू गुण सांगितले नाहीस याचं मला बरंच वाटलं. म्हटलं, धाकटी सरळ आहे, तिला यात ओढायचं नाही.

आता तू हरकत घेऊ नकोस. घेतलीस तर तू कोण ते निघेल. एका पाहणीने माझी नोकरी गेली, दुसरीने तुझी जायला नको. पोरगी गोदीत जाईल. चांगलं काम आहे.

दादा


१९ मे

दादा,

तुझं पत्र सोळाला आलं. सतराला मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. आमच्या खात्याच्या प्रमुख, जेवढं बोलायचं तेवढंच बोलतात. मी सगळं सांगितलं. डबे, चपला, घड्याळजी. घड्याळजींच्या उत्तराला त्यांनी पेन खाली ठेवला. मग म्हणाल्या, “आणि हे तुम्हाला कसं कळलं?”

“ते माझं माहेर आहे.”

“गाव सोडून किती वर्षं झाली?”

“एकोणीस.”

“शेवटचं कधी गेला होतात?”

“चार वर्षांपूर्वी.”

“मग बाई, तुम्ही पक्षपात करायचा म्हटलं तरी कशाच्या जोरावर केला असता?”

मी फाइल त्यांच्या टेबलावर ठेवली.

फाइल माझ्याकडून काढली आहे. मी सोमवारपासून तळमजल्यावर, जुन्या कागदांच्या खोलीत. नोकरी गेलेली नाही, तू जीव टांगणीला लावू नकोस. चौकशी होईल, होऊ दे. चूक निम्मी माझी आहे. मी नियमाच्या आड उभी राहिले. गावात काय कमी आहे ते मोजायला माणूस येतोय, एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर कुठला पेपर फुटणार होता? आणि छत्तीस घरांत काम आहे हे वाचल्यावर मी स्वतः गाडी पकडून यायला हवं होतं. मला ते खरं असायला हवं होतं, म्हणून मी नाही आले.

मोठ्या बाई स्वतः येणार आहेत. नऊ जूनला, एकट्या. या वेळी सांगते, स्पष्ट. काही करू नका. झाडूसुद्धा मारू नका. जे बंद ते बंद, जे उघडं ते उघडं. विचारतील त्याचं उत्तर द्या.

वहिनीला सांग, मी पत्र लिहिणार आहे. तीन वेळा सुरुवात केली.

धाकटी


१२ जून

धाकटे,

पाहणी झाली.

आधी गंमत ऐक. सात तारखेला पुन्हा शाळेत सगळे जमले. किराणावाला उठला आणि म्हणाला, “दादा, गरजेला गुण असतील तर माझं उघडं दुकान बंद करतो. अकराच मोजतील.” दुसरा म्हणाला, आपण दारांचा रंग खरवडू. एक बाई म्हणाली, पोरांना शाळेत पाठवूच नका. घड्याळजी म्हणाले, “मी मरून पडतो, दोन दिवसांचाच प्रश्न आहे.” सगळे पुन्हा हसायला लागले, आणि मला दिसलं की हे आता करतील. मी फळ्यापाशी जाऊन उभा राहिलो, खडू न घेता. म्हटलं, मागच्या वेळी माझं ऐकलंत, आता शेवटचं ऐका. ज्याचं दुकान उघडं असतं त्याने उघडं ठेवा. किराणावाला म्हणाला, “आणि यानेही नाही मिळालं तर?” मी म्हटलं, तर नाही मिळालं.

नऊला तुझ्या बाई आल्या. छत्री, पिशवी, वही. बाजाराचा रस्ता एका बाजूने चालत गेल्या, दुसऱ्या बाजूने परत आल्या. बारा. कुणी चहा विचारायला धजावलं नाही. मग घरांकडे वळल्या आणि तिथे अडलं. दारं उघडी, माणसं समोर, तोंडातून शब्द नाही. पहिल्या घरात विचारलं, काम काय करता? तो म्हणाला, “चाललंय.” दुसऱ्या घरात, “बघू.” तिसऱ्या घरातला म्हातारा म्हणाला, “तुम्हीच सांगा.” बाई वहीत काही लिहीनात. खोटं बोलायला दोन दिवस हसत आलेली माणसं खरं बोलायला एक शब्द काढत नव्हती.

मी पुढे झालो. म्हटलं, बाई, आधी माझ्या घरी चला.

वहिनी त्या दिवशी घरी होती. बाईंनी मला विचारलं, “तुम्ही काय करता?”

मी म्हटलं, “काही नाही.”

बाहेर निम्मी गल्ली उभी होती.

“किती दिवस?”

“झाले बरेच.”

वहिनी आतून म्हणाली, “बरेच काय बरेच? दोन वर्षं तीन महिने लिहा. आणि माझं पण लिहा. इस्पितळात चादरी धुते, पहिल्या बसने जाते, आठवड्याचे सहा दिवस. हे रोज डबा घेऊन नदीवर बसतात आणि ते काट्यावर गेलेत असं मी धरून चालते. तेही लिहायचं असेल तर लिहा.”

“त्याला रकाना नाही,” बाई म्हणाल्या.

“मग समासात लिहा.”

धाकटे, सव्वीस वर्षांच्या संसारात मला हे माहीत नव्हतं की तिला माहीत आहे.

त्यानंतर लोक बोलले. एक बोलला की दुसरा म्हणायचा, त्याचं काय घेऊन बसलात, माझं ऐका. संध्याकाळी साडेपाचची बस चुकली त्यांची. पानाबाईने दवाखान्याची गाडी चालू करून त्यांना हमरस्त्यापर्यंत सोडलं. वाटेत त्यांनी तिला विचारलं, तू इथे राहणार का? ती म्हणाली, एक तारखेपर्यंत.

आठ जुलैची बैठक थोडी अलीकडे घेता येईल का? तुझ्या हातात नाही ते मला कळतं. तरी विचारतो.

दादा


१९ जून

दादा,

वर जाऊन विचारलं. मंत्र्यांची सही लागते, ते परदेशात आहेत. आठ जुलै म्हणजे आठ जुलै.

आज सकाळपासून हाच हिशेब चाललाय. मार्चमध्ये खरे आकडे आले असते तर मे महिन्यातच नाव वर असतं, आणि पोरगी त्या भरवशावर थांबली असती. दोन महिने आपण दोघांनी मिळून घालवले.

तिला थांब म्हणू नकोस. बैठकीत आपलंच नाव येईल असं मी शपथेवर सांगू शकत नाही. बाकीच्या दोन गावांची परिस्थितीही वाईट आहे, मी ते कागद आता पाहिलेत. गोदीची जागा तिने सोडली आणि इथलं आलं नाही, तर तू तिच्या तोंडाकडे कसा बघशील? आणि जा असंही म्हणू नकोस. तू काही म्हणू नकोस.

वहिनीला वेगळं पाकीट पाठवलंय. तू उघडायचं नाही.

धाकटी


२८ जून

धाकटे,

ती काल गेली.

मी काही म्हणालो नाही. तिनेच विचारलं, “बाबा, मिळेल ना?” मागच्या वेळी मी तिला लगेच थांब म्हटलं होतं. या वेळी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, “हे पहिल्यांदा ऐकतेय तुमच्याकडून.” मग बॅग भरायला लागली. पाने, पकडी सगळं फडक्यात गुंडाळून मधोमध ठेवलं, कपडे बाजूने कोंबले. बस वेळेवर आली. एरवी येत नाही.

वहिनी तुझं पाकीट घेऊन बाहेरच्या पायरीवर बसली होती. काय लिहिलंस ते तिने सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात तू येणार एवढंच म्हणाली.

दादा


८ जुलै

दादा,

मिळालं. आत्ता पाच मिनिटांपूर्वी. मोठ्या बाई स्वतः तळमजल्यावर उतरून आल्या, दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “तुमचं गाव,” आणि परत गेल्या. टपालाची वेळ संपत आली आहे, म्हणून एवढंच.

तिला कोण कळवणार?

धाकटी


२२ जुलै

धाकटे,

तुझं पत्र बाराला आलं. मी शाळेत जाऊन वाचून दाखवलं. कुणी ओरडलं नाही. किराणावाल्याने विचारलं, “लेखी आहे का?” त्याला पत्र दिलं. त्याने उलटून मागची कोरी बाजूसुद्धा बघितली. मग घड्याळजींनी टाळी वाजवली, एकच, आणि सगळे एकदम बोलायला लागले.

काल कार्यशाळेचे दोन इंजिनियर येऊन गेले. कारखान्याची जागाच घेतायत. भट्टी फोडून काढतील. मोजमाप झाल्यावर त्यातला वयस्कर माझ्याशी बोलत बसला. मोठ्याने बोलतो, मला बरं पडलं. म्हणाला, पहिल्या महिन्यात वीस माणसं घ्यायची आहेत, गावातलीच. झाडणारे, उचलणारे, पहारेकरी मिळतील, त्याची काळजी नाही. मग कागद काढून विचारलं, “शिकलेले फिटर किती आहेत इथे?”

आजूबाजूला दहा-पंधरा लोक होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकाने हळूच माझ्या कोपराला हात लावला, म्हणजे सांगा काहीतरी, पाच सांगा, सहा सांगा, नंतर बघून घेऊ.

मी म्हटलं, “एकही नाही. एक होती, ती गेल्या महिन्यात गेली.”

त्याने शून्य लिहिलं. लिहिताना मला म्हणाला, “खाली रकाना आहे, बाहेर गेलेले आणि परत येऊ शकणारे. त्यांचं नाव घालू?”

पेन माझ्याकडेच केला होता त्याने. मी म्हटलं, तिला विचारल्याशिवाय नाही. तो म्हणाला, मग विचारा, तीन वर्षांनीही फिटर लागतीलच. आणि पुढच्या ओळीवर गेला.

तू विचारलं होतंस, तिला कोण कळवणार. दहा दिवस मी कुणाला कळवू दिलं नाही. वहिनीलाही नाही. आज लिहिलं. तुझ्या पत्राबरोबरच टाकतोय, एकाच पेटीत. त्यात ये असं लिहिलेलं नाही. आम्ही मजेत आहोत असंही लिहिलेलं नाही. मार्चमध्ये मी काय केलं आणि त्याने तिचं काय गेलं तेवढं लिहिलंय. वहिनीने वाचलं. म्हणाली, पाठवा.

दादा